म्हैसूरचा उंबर आणि स्कॉच लोकांचे मूळ

सातारा रोडला गाडीत बसलो तेव्हा बरोबर एक वळकटी, पितळी तांब्या, दशम्या आणि थोरल्या बंधूंची ताकीद एवढे सामान होते. बंधूंना घरात सगळे दादा म्हणतात. ताकीद अशी: "स्थळ चांगलं असेल, नाही म्हणत नाही. पण कूळ आणि देवक दोन्ही नीट पाहून ये. एकातही शंका आली तर शब्द देऊ नकोस."

देवक म्हणजे काय हे मराठ्यांच्या घरात सांगावे लागत नाही. इतर वाचकांसाठी लिहितो. प्रत्येक घराण्याचे एखादे झाड, पीस किंवा शस्त्र देवक म्हणून ठरलेले असते. लग्नाच्या आधी त्याची स्थापना करतात. ज्यांचे देवक एक, ते एकमेकांचे भाऊबंद मानले जातात आणि त्यांच्यात सोयरीक होत नाही. आमचे देवक उंबर.

माझ्या लेकीची, गोदूची, सोयरीक दोनदा जुळता जुळता मोडली होती. एकदा पत्रिकेवरून आणि एकदा मुलाच्या आत्याला मुलीचा रंग पसंत पडला नाही म्हणून. मुलीचे सोळावे सरत आले होते आणि पाणवठ्यावर बायका विचारू लागल्या होत्या. अशा वेळी बंगळुरातल्या माझ्या मेहुण्याने म्हैसूरचे स्थळ सुचवले. मुलगा संस्थानच्या जंगलखात्यात, आडनाव कदम. कदमांचे देवक कळंब हे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे काम सोपे वाटत होते. मी मोजणी खात्यात आहे. हद्दीचा दगड नकाशात दाखवलेल्या जागी आहे की नाही, हे पायी जाऊन बघणे हा माझा धंदा.

मिरजेपर्यंत ओळखीचा मुलूख. लोंढ्याच्या पुढे-मागे दाट झाडी लागली आणि हुबळीला डब्यातली भाषा पालटली. हरिहरला तुंगभद्रेचा पूल ओलांडला. जमिनीचा रंग काळ्याचा तांबडा झाला, ज्वारीच्या जागी नाचणी दिसू लागली. इकडे तिला रागी म्हणतात. बंगळुरास गाडी बदलली. मद्दूरला खिडकीशी शहाळी विकायला आली. "एळनीरु, एळनीरु" असे विकणारे ओरडत होते. शहाळ्याचे पाणी पिताना निम्मे माझ्या अंगरख्यावर सांडले. समोरच्या म्हाताऱ्या कानडी गृहस्थांनी न बोलता आपल्या शहाळ्याचे तोंड कसे धरायचे ते मला करून दाखवले. पुढे श्रीरंगपट्टणला कावेरी लागली. दगडांमधून वाटा काढत वाहणारी, कृष्णेपेक्षा उथळ वाटली. थोड्याच वेळात उजाड माळावर एकटा चामुंडीचा डोंगर दिसला आणि म्हैसूर आले.

स्टेशनावर मुलाचे वडील तुळजोजीराव स्वतः हजर होते. महाराजांच्या रिसाल्यातून दफेदार म्हणून निवृत्त झालेले, उंच, पांढऱ्या मिशा, पाय घोडेस्वारासारखे किंचित बाकदार.

"बन्नी बन्नी, या राव! प्रवास चेन्नागी (चांगला) झाला का?"

"झाला. कपडे भिजले तेवढेच."

"पाऊस तर नाही की!"

"शहाळं."

ते मोठ्याने हसले. माझी वळकटी त्यांनी मला उचलू दिली नाही.

वाटेत रुंद रस्ते, विजेच्या दिव्यांचे खांब आणि बांधकाम चालू असलेला नवा राजवाडा पाहिला. त्यांचे घर रिसाल्याच्या तबेल्यांजवळ, बैठे, कौलारू आणि चुन्याने नुकतेच पांढरे केलेले होते. घरात त्यांच्या मोठ्या मुलीचे लग्न दोन दिवसांवर आले होते. त्यांनी मला मुद्दामच याच वेळी बोलावले होते.

"घर बघायचं तर लग्नात बघावं," ते म्हणाले. "गुण-अवगुण सगळे एकदम दिसतात. मागाहून तक्रार नको, अल्वा (नाही का)?"

मुलाचे नाव नंजुंडराव. मराठ्याच्या मुलाचे हे नाव ऐकून मी जरा थबकलो. त्याची आई कावेरीबाई म्हणाल्या, "नंजनगूडच्या देवाला नवस होता. नवस तिकडं आणि नाव तुळजापूरचं, असं कसं चालेल?" मुलगा तेवीस वर्षांचा, सावळा, कमी बोलणारा. विचारले तेवढेच सांगायचा, पण सांगायचा ते नेमके.

जेवायला नाचणीच्या पिठाचा मुद्दा (उकडलेला गोळा) आणि मटणाचा सारू (पातळ रस्सा) होता. मी पहिला घास चावू लागलो आणि तो दातांना चिकटला. पंगत बघत होती.

"चावू नका हो, गिळा!" कावेरीबाई आतून ओरडल्या.

"गिळायचा? सबंध?"

"घोडा चावतो, स्वार गिळतो," तुळजोजीराव म्हणाले. गिळायला मला तीन प्रयत्न लागले आणि पंगतीला तेवढा वेळ करमणूक झाली. पण सारू उत्तम होता. घर मला आवडले, हे इथेच लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सनई वाजू लागली म्हणून बाहेर आलो. तुळजोजीराव खांद्यावर कुऱ्हाड घेऊन आणि कावेरीबाई हातात पूजेचे ताट घेऊन चालत येत होत्या. चौघांनी त्यांच्या डोक्यावर धोतराचे छत धरले होते. मागून एकजण झाडाची ताजी फांदी आणत होता. आमच्याकडे देवक आणतात ते असेच, कुऱ्हाड, ताट, छत आणि वाजंत्री. फांदी मांडवाच्या खांबाला बांधली, तिला हळद-कुंकू लावले, बुंध्याशी दूध ओतले आणि सगळ्यांनी नमस्कार केला. मी जवळ जाऊन पाने पाहिली. तोडलेल्या देठातून पांढरा चीक येत होता आणि एका डहाळीवर हिरवी फळे लगडली होती.

उंबर.

मी नमस्कार केला आणि मागे सरलो. कदमांच्या मांडवात कळंबाऐवजी उंबर का, हा एक प्रश्न. पण त्याहून मोठा हा की उंबर हे आमचे देवक. तेच यांचे असेल तर नंजुंडराव हा गोदूचा भाऊ ठरतो आणि विषय संपतो. विचारावेसे वाटले, पण उद्या त्यांच्या मुलीचे लग्न होते. त्या मांडवात उभे राहून देवकाची शंका काढणे म्हणजे अपशकुन. लग्न पार पडेपर्यंत गप्प राहायचे ठरवले. गप्प राहणे मला अवघड जाते. त्या दुपारी मी जेवलो कमी आणि कावेरीबाईंच्या ते लक्षात आले.

नंजुंडरावाच्याही लक्षात आले असावे. तो म्हणाला, "घरात गर्दी आहे. आमचं चंदनाचं कोठार बघता का? आमच्या खात्याच्या साहेबांनाही भेटू."

कोठार गावाबाहेर होते. आत पाऊल टाकताच वास डोक्यात शिरला. खोड, मुळे, ढलप्या, भुसा यांचे वेगवेगळे ढीग होते आणि प्रत्येक ढिगाची प्रत ठरलेली होती. मुळाची किंमत सर्वात जास्त, म्हणून चंदन तोडत नाहीत, मुळासकट उपटतात. नंजुंडरावाने आणखी एक गोष्ट सांगितली. चंदनाचे रोप एकटे लावले तर खुरटते. शेजारच्या दुसऱ्या झाडांच्या मुळांना त्याची मुळे जमिनीखाली चिकटतात आणि त्यांच्यातून पाणी घेतात. शेजार नसेल तर चंदन नाही. हे मला नवे होते.

साहेबांचे नाव मॅक्लाऊड. कोठारातले लोक त्यांना दोरे (साहेब) म्हणतात. वय साठीच्या आसपास, लाल चेहरा, भुवया पांढऱ्या. बंगल्याच्या पडवीत लाकडाचे नमुने मांडलेल्या टेबलाशी बसले होते. शेजारी त्यांच्या मडम विणकाम करीत होत्या. मला कचेरीपुरते इंग्रजी येते. मी नमस्कार करून म्हणालो, "आपण इंग्रज लोक आमच्या झाडांची एवढी माहिती ठेवता, हे कौतुकाचं आहे."

साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. शिसवाचा एक तुकडा खाली पडला.

"इंग्रज? नंजुंड, या सद्गृहस्थांना तू काही सांगितलं नाहीस?"

नंजुंडराव खाली वाकून तुकडा उचलू लागला. हसू लपवण्यासाठी वाकला असावा.

"मी स्कॉच आहे," साहेब म्हणाले.

मी माफी मागितली आणि विचारले, "मग स्कॉच म्हणजे मूळचे कोण?"

मडम विणताना मान न उचलता म्हणाल्या, "झालं. आता चहा गार होणार."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि टेबलावरचे लाकडाचे तुकडे नकाशासारखे मांडायला सुरुवात केली. शिसवाचा तुकडा मध्ये ठेवला. "हे पिक्ट. सर्वात जुने. ते अंगावर चित्रं काढत म्हणतात. त्यांनी कोरलेले दगड शेतांत उभे आहेत, पण भाषा मेली." पश्चिमेच्या बाजूला साग ठेवला. "हे स्कॉट. ज्यांच्यावरून देशाला नाव मिळालं, ते समुद्र ओलांडून आयर्लंडातून आले."

"म्हणजे स्कॉटलंडचे स्कॉट बाहेरचे?"

"अगदी बाहेरचे. बसा, अजून आहेत." नैर्ऋत्येला बाभूळ. "इथे ब्रिटन, जुने रहिवासी, वेल्समधल्यांचे भाऊबंद." आग्नेयेला बांबू. "इथे अँगल, जर्मनीच्या बाजूचे. त्यांचीच बोली आज आमच्यातले बरेच बोलतात." वरती, बेटांच्या जागी, हिरड्याचे लाकूड. "हे नॉर्वेचे दर्यावर्दी. आधी लुटायला आले, मग शेती करायला राहिले. त्यानंतर राजांनी फ्रान्सकडच्या नॉर्मन सरदारांना जमिनी दिल्या, आणि फ्लँडर्सचे विणकर-व्यापारी पेठांत येऊन बसले."

टेबल भरले. मी नीट पाहिले आणि माझ्या धंद्याला साजेसा प्रश्न विचारला. "प्रत्येकाचा हिस्सा किती?"

"काय?"

"रुपयात किती आणे पिक्ट, किती आणे नॉर्वेचे?"

साहेब इतके हसले की त्यांना खोकला आला. "साखळी घेऊन कोण मोजायला गेलंय! माझ्या घराण्याचा मूळपुरुष नॉर्वेकडच्या राजाच्या वंशातला, असं सांगतात. आईचं घराणं फ्लेमिंग, म्हणजे फ्लँडर्सचं. आजीचं नाव गॅलब्रेथ. त्याचा अर्थ गेलिक भाषेत 'परका ब्रिटन'. सांगा आता, मी किती आणे?"

हिशेब डोक्यात सुरू झाला होता तो थांबेना. आईबाप दोन, आजे-आज्या चार, पणजे-पणज्या आठ. दहा पिढ्यांमागे एक हजार चोवीस माणसे. त्यांतली मला नावे ठाऊक असलेली बोटांवर मोजण्याइतकी, आणि तीही एकाच बाजूची, बापाच्या. मी हे बोलून दाखवले तेव्हा साहेबांनी पेन्सिल पुढे केली. म्हणाले, "तीस पिढ्या करा." केल्या. आकडा एकशे सात कोटींच्या वर गेला. एवढी माणसे त्यांच्या देशात कधीच नव्हती, आणि सातारा प्रांतातही नव्हती. याचा एकच अर्थ निघतो. तीच तीच माणसे पुन्हा पुन्हा मोजली जातात आणि मागे गेले की सगळ्यांच्या वाटा एकमेकांत शिरतात.

मग मी जे विचारायला तिथे गेलो नव्हतो ते विचारले. "तुमच्यात घराण्याला झाड असतं का?"

"असतं की! प्रत्येक घराण्याची टोपीत खोवायची एक डहाळी ठरलेली असते. आमची जुनिपर." ते थंड डोंगरावरचे एक काटेरी झुडूप आहे, असे त्यांनी समजावले.

"आणि सर्व मॅक्लाऊड एका रक्ताचे?"

"छे! नायकाच्या जमिनीवर जो राहिला, त्याच्यासाठी जो लढला, त्यानं त्याचं नाव घेतलं आणि तीच डहाळी टोपीत खोवली. माझा खापरपणजा कोणत्या प्रकारचा होता देव जाणे."

"दोन घराण्यांची डहाळी एकच असली तर?"

आता मडमनी सुया थांबवल्या. "मी माहेरची रॉस," त्या म्हणाल्या. "आमचीही जुनिपरच. आणि आमच्या लोकांनी ती यांच्या आधीपासून लावली आहे."

"हे बत्तीस वर्षं चाललेलं भांडण आहे," साहेब म्हणाले.

नंजुंडराव माझ्याकडे बघत होता. त्याला काही समजले असावे असे मला वाटले. मी चहा घेतला नाही, केळी घेतली, आणि आम्ही परतलो. वाटेत मी स्वतःला बजावले की साहेब लोकांच्या रीती साहेब लोकांना. जुनिपर म्हणजे उंबर नव्हे.

लग्न यथासांग झाले. वऱ्हाड गेल्यावर तुळजोजीराव मांडवातल्या घोंगडीवर पाय पसरून बसले. मी त्यांच्याजवळ गेलो आणि सरळ विचारले, "राव, तुमचं देवक उंबर का?"

"अत्ती (उंबर)? तो चप्पराचा (मांडवाचा) हालगंब (दुधाचा खांब). इथली कानडी मंडळी सगळीच पुजतात."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. "मग देवक वेगळं आहे. कळंब ना?"

त्यांनी पसरलेले पाय जवळ घेतले. आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. कावेरीबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"वेगळं नाही," ते म्हणाले. "आमचे बाप-आजे हेच पुजत आले. त्याच्याआधीचं गोत्तिल्ला (ठाऊक नाही)."

"पण तुम्ही कदम आहात."

"कदमांच्या पागेत होतो म्हणून कदम. खापरपणजा त्यांच्या घोड्यांना खरारा करायचा. पुढं त्याला घोडं मिळालं, तलवार मिळाली. सरदार कदम, तेव्हा सगळी पागा कदम. त्याच्यामागं तो मराठा होता, धनगर होता की इथलाच कानडी, कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही."

म्हणजे दोन्हीकडून बंद. उंबर हे त्यांचे देवक मानले तर ते माझे भाऊबंद. न मानले तर त्यांना देवकच नाही आणि कुळाचाही ठिकाणा नाही. दादांच्या ताकिदीतल्या दोन्ही कलमांवर शंका, आणि नुसती शंका नव्हे, कबुली.

मी म्हणालो, "तुम्ही नुसतं 'कळंब' म्हणाला असता तर मी काही तपासायला जाणार नव्हतो."

"ठाऊक आहे की."

"मग का नाही म्हणालात?"

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "तुमची लेक इथं येणार. जन्मभर या घरात राहणार. तिला कधीतरी कळलंच असतं, अल्वा? मग तिनं आमचं कुठलं बोलणं खरं धरायचं?"

दारातून कावेरीबाई म्हणाल्या, "नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ बघू नये म्हणतात."

"सुम्ने इरु (गप्प बस)! आपण काय ऋषी?" तुळजोजीराव म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "राव, नाही म्हणालात तरी राग नाही. उद्याच्या गाडीला शिदोरी बांधून देतील."

माझ्या धंद्यात हद्दीचा दगड कधी कधी सापडत नाही. तेव्हा दोन प्रकारचे शेजारी भेटतात. एक जण बोट दाखवून सांगतो, इथेच होता. दुसरा सांगतो, मला ठाऊक नाही. पहिल्याचे बोट बहुधा माझ्या नकाशाशी जुळत नाही. आणि मला माझ्या स्वतःच्या उंबराचा विचार आला. तो मला वडिलांनी सांगितला, वडिलांना आजोबांनी. आजोबा कोणाच्या पागेत होते, हे मी कधी विचारले नव्हते.

"शिदोरी बांधा," मी म्हणालो. "पण मुलगी आम्ही दिली."

कावेरीबाई आत गेल्या आणि साखर घेऊन आल्या. तुळजोजीराव उठले नाहीत. मान खाली घालून घोंगडीचे सूत ओढत राहिले. नंजुंडराव मांडवाचे दोर सोडत होता. त्याने ऐकले असणार, कारण त्याच्या हातातला दोर बराच वेळ एकाच गाठीशी राहिला.

परतीच्या प्रवासात सांगण्यासारखे काही घडले नाही. शिदोरीत मुद्दे नव्हते, माझी कीव करून भाकरी दिल्या होत्या. हरिहरच्या पुलावर माती पुन्हा काळी होऊ लागली तेव्हा मी दादांना काय सांगायचे ते जुळवू लागलो. एक शब्द पुरेसा होता, 'कळंब', आणि दादांनी पुढे काही विचारले नसते. पण तुळजोजीरावांनी जो शब्द माझ्याशी उच्चारला नाही, तो मी त्यांच्या वतीने उच्चारणे बरोबर नव्हते.

घरी पोहोचून हातपाय धुतले आणि सगळे सांगितले. पागा, उंबर, गोत्तिल्ला, सगळे. साहेबांचे लाकडाचे तुकडे आणि तीस पिढ्यांचा आकडाही सांगितला. दादांनी आकडा पुन्हा करून पाहिला. बरोबर आला.

"आणि असं असून तू शब्द दिलास," ते म्हणाले.

"दिला."

"मला न विचारता."

"हो."

ते उठून गेले. दोन दिवस आमच्यात बोलणे नव्हते. गोदूच्या आईने गोदूला काय सांगितले मला ठाऊक नाही. गोदू मला पाणी आणून देई आणि माझा चेहरा पाही. तिला मी एवढेच सांगितले की तिथली माणसे खरे बोलतात आणि नाचणीचा गोळा चावायचा नसतो.

तिसऱ्या दिवशी दादा माझ्याजवळ येऊन बसले. घसा साफ केला.

"त्यांच्या मांडवात उंबर असणार?"

"असणार."

"मग आपलं देवक आपण इथं घरातच बसवू. तिकडे न्यायचं नाही. दोन उंबर एका मांडवात आले नाहीत की दोष नाही."

असा नियम कुठे आहे, मला ठाऊक नाही. मी विचारले नाही.